उलटा धबधबा कोणी पार केला?

एका संध्याकाळच्या तीन आठवणी होत्या आणि तिन्हींचं आपसात मुळीच पटत नव्हतं.

पहिली आठवण अबोलीच्या बाबांची, म्हणजे ईशानची. ते म्हणत, "उलटा धबधबा मी आणि माझ्या बाबांनी पार केला. ताई तेव्हा खिडकीत बसून चिवडा खात होती."

दुसरी आठवण ऋजुता आत्याची. ती म्हणे, "काहीतरीच! रिमोट माझ्या हातात होता. ईशान रुसून पलंगाखाली जाऊन बसला होता. धबधबा पार केला तो मी आणि बाबांनी."

आणि तिसरी आठवण आजोबांची. ते म्हणत, "अरे, तुम्ही दोघांनीच केलात तो पार! मी मागे वेताच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होतो."

हा उलटा धबधबा म्हणजे एका जुन्या व्हिडिओ गेममधला शेवटचा टप्पा. गेमचं नाव होतं 'दिव्यांची नदी'. काळ्याभोर नदीतून एक छोटी होडी जायची. एका खेळाडूने तिचं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने रिमोटवर खरोखरची फुंकर मारायची, म्हणजे होडीचं शीड फुगायचं. वाटेत काठावरचे दिवे एकेक करून लागत जायचे. सगळ्यात शेवटी यायचा तो धबधबा. त्याचं पाणी खाली पडायचं नाही, ते वर आभाळात चढायचं आणि होडीलाही त्याच्यासोबत वर न्यायचं असायचं.

खेळायला दोघंच लागायचे. दोघंच, तिसरा नाही. मग तिघांपैकी फार तर एकाची आठवण खरी असणार. उरलेले दोघं काय खोटं बोलत होते?

एरवी अबोलीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण आता त्यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मागच्या वर्षी आजी गेली. तिच्या आठवणी काढायला सगळे एकत्र बसले असताना बाबांनी धबधब्याची गोष्ट सांगायला घेतली आणि आत्या एकदम म्हणाली, "लहानपणी माझं सगळं तुलाच मिळालं. आता माझी आठवणसुद्धा घेतलीस?" शब्दाने शब्द वाढला. त्या दिवसापासून बहीणभाऊ एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हते.

आणि येत्या सोमवारी आत्या चंद्रावर जाणार होती. चांद्रतळावर श्वास घेण्याजोगी हवा तयार करणारं यंत्र सांभाळायचं तिचं काम होतं. ती दोन वर्षं परत येणार नव्हती.

म्हणून आजोबांनी दोघांनाही चिखलदऱ्याला बोलावून घेतलं. अबोलीच्या आईला अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली नाही, तेव्हा अबोली आणि बाबा दोघंच आले.

आजोबांचं घर कॉफीच्या झुडपांमध्ये होतं. सकाळपासून दरीतलं धुकं वर यायचं, अंगणात शिरायचं आणि कधीकधी उघड्या खिडकीतून आतही डोकावायचं. आजोबा म्हणजे डॉ. मनोहर गावंडे. मेंदूचा अभ्यास करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावरही घरामागच्या काचेच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा चालूच होती. त्यांच्या मदतीला टिटवी नावाची यंत्रमानव होती. लांब बारीक पाय, छोटंसं डोकं आणि सारखी चालू असलेली लगबग यामुळे आजीनेच तिचं हे नाव ठेवलं होतं.

जेवताना सगळं बोलणं टिटवीमार्फत चाललं होतं.

"टिटवी, ताईला सांग, पिठलं गरम आहे."

"टिटवी, ईशानला सांग, मला वाफ दिसते."

टिटवी बिचारी दोन्हीकडे मान वळवून निरोप पोचवत होती. आजोबा खाली बघून जेवत होते. त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडलाच नाही, हे अबोलीने पाहिलं.

जेवण झाल्यावर ती काचेच्या खोलीत गेली. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की खोली ढगात तरंगत असल्यासारखी वाटत होती.

"आजोबा, खरं सांगा. तुमच्या तिघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही," आजोबा म्हणाले.

"म्हणजे तिघंही खरं बोलताय? ते कसं शक्य आहे?"

"तसंही नाही. खोटं बोलणं वेगळं आणि चुकीचं आठवणं वेगळं. बस इथे. तुला सांगण्यापेक्षा दाखवतोच."

त्यांनी कपाटातून एक हलकी टोपी काढली. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा होत्या. "हा माझा स्मृतिदर्पण (मनातली आठवण चित्र करून दाखवणारा आरसा). आपण काही आठवलं, की मेंदूतल्या चेतापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी) जाग्या होतात. कुठल्या जाग्या झाल्या हे ही टोपी ओळखते आणि त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर उमटवते. पण आधी टिटवीला विचारू. टिटवी, काल अबोलीची गाडी दारात आली तेव्हाचं दाखव."

टिटवीच्या डोळ्यांतून भिंतीवर प्रकाश पडला. गाडी आली, दार उघडलं, अबोली उतरली, तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती. आजोबांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा तेच दृश्य, तीच सुटलेली नाडी. तिसऱ्यांदाही तेच, एका केसाचाही फरक नाही.

"आता तू. काल घाट चढताना काय पाहिलंस ते आठव."

अबोलीने टोपी घातली आणि डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला करून पाहिलं. भिंतीवर ओल्या कागदावर रंग सांडावेत तसं चित्र पसरत होतं. हिरवा डोंगर, वळणाचा रस्ता, कठड्यावर बसलेलं काळ्या तोंडाचं वानर आणि त्याच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू.

"छान. जरा पाणी पी, आणि परत आठव."

या वेळी वानर आधीपेक्षा मोठं होतं. ते कठड्यावर नव्हतं, गाडीच्या काचेला अगदी लागून होतं. आणि पिल्लाच्या हातात एक पिवळं केळं होतं.

अबोलीने टोपी काढूनच टाकली. "केळं? केळं कुठून आलं? आजोबा, मी मुद्दाम नाही केलं!"

"मला ठाऊक आहे. आपण काय समजतो, की डोक्यात एक पेटी आहे, तिच्यात आठवणी घड्या घालून ठेवल्या आहेत. हवी ती काढायची, बघायची, परत ठेवायची. टिटवीचं असंच आहे. आपलं नाही. तुझ्या त्या वानराचा रंग मेंदूत एकीकडे आहे, त्याचा आवाज दुसरीकडे, घाटातल्या गारव्याची शिरशिरी तिसरीकडे. हे सगळे तुकडे हाक मारून गोळा करतो तो हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्यासारखा वळलेला छोटासा भाग). म्हणजे आठवण आपण बाहेर काढत नाही, दर वेळी ती नव्याने बांधतो."

"आणि एखादा तुकडा मिळाला नाही तर?"

"तर मेंदू तिथे रफू करतो. जवळपासचा, शोभेलसा धागा घेतो आणि भोक बुजवतो. वानर म्हटलं की केळं शोभतं. घातलं!" आजोबा हसले. "आणि खरी गंमत पुढेच आहे. आठवण बांधून झाली, की ती थोडा वेळ सैल असते, ओल्या मातीसारखी. मग पुन्हा घट्ट बसते. याला पुनर्दृढीकरण (आठवलेली गोष्ट मेंदूत पुन्हा पक्की होणं) म्हणतात. ती सैल असताना जे केळं आत गेलं, ते तिच्यासोबतच पक्कं होऊन बसतं. पुढच्या वेळी तुला ते खरंच पाहिल्यासारखं आठवेल."

अबोली भिंतीकडे पाहत राहिली. भिंत आता रिकामी होती. आपल्या मनातल्या सगळ्या आवडत्या जागा तिला एकदम धुक्यात उभ्या असल्यासारख्या वाटल्या. आहेत तर खऱ्या, पण त्यांच्या कडा कुठे संपतात ते सांगता येत नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "बाबांना आणि आत्याला ही टोपी घालाल?"

"मी सांगून ऐकतील असं वाटत नाही. तू विचारून बघ."

बाबा अंगणात कॉफीच्या झुडपांपाशी उगाचच पानं खुडत उभे होते. अबोली त्यांना म्हणाली, "बाबा, मला लहानपणीचे तुम्ही बघायचे आहात." बाबा लगेच आले. आत्या खोलीत सामान बांधत होती. अबोली तिलाही म्हणाली, "आत्या, मला लहानपणीची तू बघायची आहेस." आत्याही आली. दारात दोघांची गाठ पडली तेव्हा दोघांच्याही कपाळावर आठी होती, पण परत कोणी फिरलं नाही.

बाबांनी टोपी घातली. भिंतीवर अचलपूरच्या त्यांच्या जुन्या घरातली खोली उमटली. निळसर पडद्यावर नदी चमकत होती. तिच्या उजेडात एक काटकुळा मुलगा मांडी घालून बसला होता, गाल फुगवून रिमोटवर फुंकर मारत होता. शेजारी तरुण आजोबा होते. खिडकीत एक मुलगी चिवडा खात होती. होडी हळूहळू वर चढत होती आणि खोलीभर दिव्यांचा उजेड पाण्यासारखा हलत होता. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि ते हसत होते. इतके लहान होऊन हसणारे बाबा अबोलीने कधीच पाहिले नव्हते. खरं तर बाबा तिच्याबरोबर कधी कुठला गेम खेळलेच नव्हते.

मग आत्याने टोपी घातली. तीच खोली, तीच नदी. पण आता रिमोट दोन वेण्या घातलेल्या मुलीच्या हातात होता आणि पलंगाखालून दोन अनवाणी पावलं दिसत होती.

शेवटी आजोबांनी स्वतः टोपी घातली. दोन्ही मुलं पडद्यासमोर, आणि मागे वेताच्या खुर्चीत टाळ्या वाजवणारे आजोबा.

"बघ," आत्या म्हणाली, "माझं किती स्पष्ट होतं!"

"टिटवी, ताईला सांग, माझंही स्पष्टच होतं."

अबोलीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ती कपाळाला बोट लावून विचार करत होती.

"बाबा, तुमच्या चित्रात तुम्ही तुम्हालाच कसे दिसलात?"

"म्हणजे?"

"तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघत होता ना? मग तुम्हाला पडदा दिसायला हवा, रिमोट दिसायला हवा, फार तर तुमचे गुडघे. तुमचे फुगलेले गाल तुम्हाला कुठून दिसले?"

बाबांनी आपल्याच गालांना हात लावून पाहिला.

"आत्याचंही तसंच. स्वतःच्या वेण्या तिला मागून दिसत होत्या. आणि आजोबा, तुमचं तर फारच झालं. बाबा एवढेसे, आणि तुमचे केस पांढरे!"

आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला. "वा गं अबोली! ही चूक माझ्याही ध्यानात आली नाही. आम्ही पाहिलेलं आम्हाला आठवत नाहीये. आम्ही इतक्यांदा सांगितलेलं आठवतंय."

बाहेर धुक्यातून कुठेतरी पाण्याचे थेंब पानांवर टपटपत होते.

"मग खरं काय झालं ते कोणालाच माहीत नाही?" अबोलीने विचारलं. मग तीच म्हणाली, "आजोबा, टिटवीची आठवण बदलत नाही. त्या गेमच्या यंत्रालाही आठवण असेल का?"

यंत्र माळ्यावरच्या एका ट्रंकेत सापडलं. त्याचा पडदा केव्हाच फुटला होता आणि त्याला लागणारी वायर आता जगात कुठे मिळत नव्हती, पण आजीने ते कधी टाकू दिलं नव्हतं. टिटवीने त्याचं झाकण उघडलं आणि आतली नखाएवढी चिप चिमट्यात धरली.

"यात शेवटच्या टप्प्याची एक नोंद आहे," ती म्हणाली. "धबधबा पार झाला, की गेम तो खेळ आपोआप साठवत असे. पण चिपमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं तो भार झिरपून जातो. चित्र बहुतेक गेलं आहे. आवाज थोडा शिल्लक आहे."

"आवाज कसा काय?" अबोलीने विचारलं.

"फुंकर मोजायला रिमोटमध्ये ध्वनिग्राहक (आवाज टिपणारा भाग) होता. त्याने फुंकरीबरोबर आजूबाजूचंही टिपलं."

टिटवीने नोंद सुरू केली. भिंतीवर राखाडी ठिपके सांडले, मध्येच एखादा निळा चौकोन लुकलुकला आणि विझला. होडी नव्हती, नदी नव्हती. नुसती खरखर. आणि मग त्या खरखरीतून एक आवाज आला.

"अरे, फुका ना रे पोट्टेहो! काऊन थांबले?"

आत्याच्या हातातला कप तसाच हवेत राहिला.

तो आजीचा आवाज होता. तरुण, खणखणीत, हसू दाबलेला.

"आई, मला दे ना! आता माझी पाळी!" एक लहान मुलगा ओरडला.

"हा खडक जाऊ दे, मग देते!" मुलगी म्हणाली.

"भांडू नका. सुकाणू माह्याजवळ हाये, मी नाही पडू देत होडी. तुम्ही पाळीपाळीनं फुका. ऋजू, दे त्याले आता. फूक ईशू, जोरानं फूक!"

फू... फू... बारीक, धापा टाकणारी फुंकर. मग दुसरी, जरा दमदार. मग पुन्हा पहिली. आणि एकदा, दोन्ही मुलं दमली असावीत, तेव्हा तिसरी. लांब, संथ, मोठ्या माणसाची. खरखरीतून संगीत वर चढू लागलं.

"आई! पाणी वर चाललंय! आपण वर चाललोय!"

"अवं माय!" आजी हसत सुटली. "चाललो ना खरंच! ईशू, बाबाले फोन लाव. सांग त्याइले, झालं म्हणा."

फोनची घंटी. मग मुलाचा आवाज, "बाबा! बाबा, आम्ही वर पोचलो!" आणि फार दूरवरून, फोनमधून, तरुण आजोबांचा आवाज. "हो का रे? शाब्बास! मी असायला पाहिजे होतो तिथं."

नोंद संपली. भिंतीवरचे ठिपके विझले.

आजोबांनी चष्मा काढला आणि हातातच ठेवला.

"मी नव्हतोच," ते हळूच म्हणाले. "मी बंगळूरला होतो, एका परिषदेला. फोनवर ऐकलं सगळं. पण ती खुर्ची... मला तिचा हातसुद्धा आठवतो, वेत टोचायचा तो."

अबोली त्यांना बिलगून बसली. "आजोबा, तुम्हाला तिथे असावंसं वाटत होतं ना? म्हणून मेंदूने खुर्ची मांडून दिली असेल."

"असंच असेल गं. ऐकलेली गोष्ट इतक्यांदा मनात बांधली, की एके दिवशी मीच तिच्यात जाऊन बसलो."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. "आईला गेम आवडत नाहीत, असं मी अबोलीला कितीदा सांगितलंय! शाळेतून यायची, गणिताच्या वह्या तपासत बसायची, 'पुरे आता' म्हणायची. तेवढंच आठवतं मला. ती कशी काय पुसली गेली, बाबा? आम्ही आईला कसं विसरलो?"



आजोबांनी त्यांना जवळ बसवलं. "विसरला नाहीत. हे बघ, रानात दोन पायवाटा असतात. एकीवरून रोज माणसं जातात, ती स्वच्छ राहते. दुसरीवरून कोणी जात नाही, तिच्यावर गवत वाढतं. वाट तिथेच असते, नुसती दिसत नाही. चेतापेशींमधल्या वाटाही अशाच. गेम मी आणला, रोज संध्याकाळी मीच तुमच्याबरोबर खेळायचो. अशा शंभर संध्याकाळी तुम्हाला आठवायच्या. आई खेळली ती बहुधा एकच. रोजच्या वाटेवर मी होतो, म्हणून मेंदूने त्या एका संध्याकाळीही मलाच बसवलं. आणि मग गोष्ट सांगताना आपण कधी तिचं नाव घेतलंच नाही. गवत वाढत गेलं."

"पण आजीने कधी सांगितलं कसं नाही?" अबोलीने विचारलं.

आजोबांनी हातातला चष्मा पुसला. "मला आत्ता असं आठवतंय, की आपण ही गोष्ट सांगायला लागलो, की ती गालात हसायची आणि चहा ठेवायला उठायची." मग त्यांनी मान हलवली. "पण हेही मी आत्ताच रफू केलं असेन. मला नक्की सांगता येणार नाही."

आता आत्या उठली आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली. टिटवी सवयीने निरोप घ्यायला पुढे झाली, तसं आत्याने तिला हातानेच बाजूला केलं.

"ईशू," ती म्हणाली, "तू फुंकत होतास. धापा टाकत होतास नुसता."

"आणि तू मला रिमोट दिलास, ताई. मी तर म्हणत आलो, की तू चिवडा खात होतीस."

"पलंगाखाली कोण होतं मग?"

"कोण जाणे! दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी बसलो असेन." बाबांनी डोळे पुसले आणि हसले. "बसायचो मी, हे खरं आहे."

आजोबा एकदम ताठ झाले. त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला होता. "ऐका, दोघंही. आत्ता तुम्ही ती संध्याकाळ आठवली आहे. ती सैल आहे, ओली आहे. आत्ताच आईला तिच्यात बसवून घ्या. मोठ्याने बोला. सगळं परत सांगा, तिच्यासकट."

मग दोघं खाली सतरंजीवर बसले आणि सांगू लागले. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायचं. आई कशी बसली असेल, सुकाणू कसं धरलं असेल, डाव्या हाताने चष्मा वर सारायची ते. अबोलीने आजोबांना खूण केली, त्यांनी कपाटातून तशीच आणखी एक टोपी काढून दिली आणि तिने दोन्ही टोप्या दोघांच्या डोक्यांवर हळूच ठेवल्या. भिंतीवर शेजारी शेजारी दोन खोल्या उमटल्या. दोन्हींमध्ये नदी होती, दोन मुलं होती, आणि त्यांच्या मधोमध धुक्यातून चालत यावी तशी एक बाई आकार घेत होती. आधी नुसता खांदा. मग केस. मग रिमोट धरलेले हात. बाबांच्या खोलीत ती जांभळ्या साडीत होती. आत्याच्या खोलीत तिने निळा पंजाबी ड्रेस घातला होता.

आत्याने डोळे उघडून पाहिलं. "जांभळी साडी? अरे, ती साडी तिने किती नंतर घेतली!"

"मुळीच नाही. निळा ड्रेस तर..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच हसायला लागले. आजोबाही हसले.

"राहू देत की दोन्ही," अबोली म्हणाली.

त्या संध्याकाळी धुकं जरा विरळ झालं तेव्हा ती आजोबांबरोबर दरीच्या कठड्यापर्यंत फिरायला गेली.

"आजोबा, टिटवीसारखी पक्की आठवण आपल्याला मिळाली तर बरं होईल ना?"

"मला नाही वाटत. चिप विसरली, तर तिच्यात भोक राहतं. आपण त्या भोकात आपली माया भरतो, भीती भरतो, कधी चुकतो. पण आठवण सैल होते म्हणूनच ती बरीही करता येते. पुरात सापडलेल्या मुलांना पाण्याची भीती बसते. त्यांनी ती आठवण सुरक्षित जागी, जिवाभावाच्या माणसाजवळ बसून आठवली, तर भीतीची धार थोडी बोथट करता येईल का, यावर बरीच माणसं काम करताहेत. माझा स्मृतिदर्पण त्यांच्या उपयोगी पडला तर मला हवंय. तू मोठी होशील तोवर हे नीट जमलेलं असेल. नाहीतर तू जमव."

खाली दरीत एकेका गावाचे दिवे लागत होते. अबोली ते एकेक करून मोजत राहिली.

सोमवारी आत्या चंद्रावर गेली. निघताना तिने बाबांना इतक्या जोरात मिठी मारली, की त्यांचा चष्मा वाकडा झाला. निदान अबोलीला तरी तसं आठवतं.

आता दर रविवारी अमरावतीच्या घरात एक नवा गेम चालतो. त्यात एका उजाड बेटावर जंगल वाढवायचं असतं. हा गेम निवडायला कारण आहे. पृथ्वीवरून निघालेला संदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. घाईचे गेम अशाने बिघडतात. झाडांना मात्र घाई नसते.

परवा असंच झालं. बाबा आणि अबोली सतरंजीवर बसले होते आणि बाबा चुकीच्या टेकडीवर चिंच लावत होते.

"बाबा, तिथे नाही, ओढ्याकाठी!"

"अगं, इथे सावली छान पडेल."

तेवढ्यात चंद्रावरून आत्याचा आवाज आला, थोडा उशिरा, "ईशू, माझा आंबा कोणी उपटला?"

बाबा खो खो हसत मागे रेलले. अबोलीने पडद्यावरून नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. हसताना त्यांच्या नाकाला पडणारी सुरकुती, खिडकीतून त्यांच्या खांद्यावर आलेलं ऊन, सगळं तिने नीट पाहून घेतलं. यातलं काय टिकेल आणि कुठे रफू होईल, ते तिला ठाऊक नव्हतं.

दार वाजलं. आई दवाखान्यातून आली होती. पर्स टेबलावर ठेवून ती नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, थांब ना," अबोली सरकून बसली आणि सतरंजीवर मधोमध जागा केली. "तू पण ये."

"मला कुठे येतं गं त्यातलं काही!"

"मला तरी कुठे येतं?" बाबा म्हणाले आणि त्यांनी कपाटातून आणखी एक रिमोट काढला.

आई जराशी घुटमळली. मग ओढणीला हात पुसत दोघांच्या मध्ये येऊन बसली, रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बरं, सांगा. पाणी घालायचं बटण कुठलं?"